माया

कमरेला टेप लावताना मी श्वास घ्यायला सांगत नाही,
सोडायलाही नाही.
माणूस जसा उभा आहे तसा मोजायचा,
वडिलांनी शिकवलं, माहीमच्या ह्याच गाळ्यात.

धुरंधर बाईंचं पान माझ्या वहीत
शहाण्णव सालापासून आहे.
छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, दंड साडेदहा.
मग खालच्या ओळी. दंड अकरा. दंड बारा.
मुलगी झाली तेव्हा कमरेला एकदम दोन इंच,
नवरा गेला त्या वर्षी तीन.
डॉक्टरनं विचारलं म्हणे, वजन कधीपासून वाढतंय?
त्यांना सांगता आलं नाही.
मला विचारायचं.

दर दिवाळीआधी ब्लाउज उसवून सैल करून देत आलो.
आत माया ठेवलेली असते,
दोन्ही अंगांना दीड दीड इंच.
तिचे पैसे वेगळे लावत नाही.

परवा तेरा ब्लाउज घेऊन आल्या.
"आत घ्यायचेत."
मी चष्मा पुसला.
दर रविवारी पोटाला सुई टोचून घेतात, आपल्या हातानं,
फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी ठेवतात ती.
भूक अशी लागतच नाही, म्हणाल्या.
बोंबील तळल्याचा वास येतो आणि पुढे निघून जातो,
ओळखीच्या माणसानं हाक न मारता जावं तसा.

एका सुईचे पैसे ऐकले.
माझे सहा ब्लाउज, अस्तरासकट.

मला स्वस्तातलं दिलंय. जेवणानंतर दोन गोळ्या,
आणि एक कागद: सकाळी मुगाचं धिरडं,
दुपारी भात एक वाटी.
वाटी कुठली ते लिहिलेलं नाही.
घरात चार मापांच्या वाट्या,
बायकोनं श्रीखंडाची काढली, सगळ्यात लहान.
"व्यायाम?" डॉक्टरीणबाई म्हणाली.
म्हटलं, तीस वर्षं पायानं मशीन मारलं, ते धरा की.
"अजून पायानंच मारता?"
मोटर मुलानं बसवली, चौदा साली,
बाबांचे गुडघे दुखतात म्हणून.
ही तीन महिन्यांची साखर तेव्हापासूनची की आधीची,
सांगता येत नाही. वहीत माझं पान नाही.
आता सहाला रेतीबंदरापर्यंत जातो आणि येतो.
तिथे एक गृहस्थ पाण्याकडे तोंड करून टाळ्या वाजवतात.
मी नुसता चालतो.

तर तेरा ब्लाउज.
पहिला उसवला, जांभळा, काखेत पार विटलेला.
दोरा ओढला तशी शिवण उघडली
आणि आतली माया निघाली,
दुकानातून कापड आणलं त्या दिवशीच्या रंगाची.
बाई बघत राहिल्या.
मीही, खोटं कशाला बोलू.

नवी शिवण दोन इंच आत मारली.
आता एवढं कापड आत की काखेत टोचणार,
रीतीनं कापायला हवं.
कात्री हातात घेऊन विचारलं, कापू?

लगेच बोलल्या नाहीत.
हात गळ्याशी गेला. तिथे कातडी सैल पडलीय,
ती आत घेणारा शिंपी मी नव्हे.
"सुई बंद केली की परत येतं म्हणतात,"
आणि थोड्या वेळानं,
"मुलगी म्हणाली, अजून वर्षभर पाठवीन पैसे. मग बघू."
समोरच्या दुकानात कुणी थान आपटलं, धप्पकन.
"राहू दे, मांजरेकर."

राहू दिलं.
दुमडून हातानं कच्ची शिलाई घातली, लांब टाक्यांची,
एका ओढीत निघेल अशी. बाराही तसेच.
टोचेल हं, मी म्हटलं.
टोचू दे, म्हणाल्या.

वहीत त्यांच्या पानावर नवी ओळ लिहिली.
दंड साडेअकरा.
पेन खिशालाच होतं.
पेन्सिल शोधायला जरा वेळ गेला.